विश्लेषण : चर्चमधली वेदी भिंतीपासून का सुटली? दादरच्या ‘पोर्तुगीज चर्च’ची रचना काय सांगते?

दादर पश्चिमेला ‘पोर्तुगीज चर्च’ हे बसथांब्याचे नाव आहे, चौकाचे नाव आहे आणि पत्ता सांगण्याची खूणही. पण नावावरून गोव्यातल्यासारखा चुन्याचा पांढरा दर्शनी भाग आणि आत सोनेरी कोरीवकाम असेल अशी अपेक्षा ठेवणाऱ्याला तिथे दिसतात काँक्रीटची वळणदार, कवचासारखी छपरे. हे चर्च असे का दिसते, आतली मांडणी जुन्या चर्चपेक्षा वेगळी का, वेदी, बाके, दिवा, पेटी या प्रत्येक वस्तूची जागा कोण ठरवते, याचा हा आढावा.

नाव जुने, इमारत नवी…

‘अवर लेडी ऑफ साल्व्हेशन’ हे या चर्चचे अधिकृत नाव. त्याची स्थापना १५९६ सालची, म्हणजे मुंबई इंग्रजांच्या हाती जाण्याच्याही सुमारे सात दशके आधीची. फ्रान्सिस्कन पंथाच्या पोर्तुगीज धर्मगुरूंनी ते उभारले. आज दिसणारी इमारत मात्र १९७४ ते १९७७ या काळातली असून तिचे वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया. साबरमतीचे गांधी स्मारक संग्रहालय, भोपाळचे भारत भवन, पेडर रोडवरची कांचनजंगा इमारत आणि पणजीची कला अकादमी ही त्यांचीच कामे. नवी मुंबईच्या आराखड्यातही त्यांचा मोठा वाटा होता.

त्याच दशकात शेजारच्या माहीमलाही असेच घडले. बुधवारच्या नोव्हेनासाठी सर्व धर्मांच्या भाविकांची रीघ लागणाऱ्या सेंट मायकल चर्चची आजची वास्तू १९७३ ची आहे. सोळाव्या शतकातली दोन ठिकाणे, दोन्हींच्या इमारती विसाव्या शतकाच्या सत्तरीतल्या. हा योगायोग नाही. वाढलेली लोकवस्ती आणि जीर्ण झालेली बांधकामे ही कारणे होतीच. पण त्या सुमारास जगभरच्या कॅथलिक चर्चची आतली मांडणीच बदलली होती आणि त्यामागे रोममधला एक निर्णय होता.

आधी काय होते?

जुन्या कॅथलिक चर्चचा आराखडा म्हणजे लांबट खोली. एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला भिंतीला चिकटलेली वेदी. वेदीच्या मागे छतापर्यंत चढत गेलेली लाकडी कोरीव मखर, त्यात संतांच्या मूर्ती. धर्मगुरू आणि लोक एकाच दिशेला तोंड करून उभे राहत, म्हणजे लोकांना फादरची पाठ दिसे. प्रार्थना लॅटिनमध्ये. वेदीपुढे एक कठडा असे. लोक त्याच्याशी येऊन गुडघे टेकत आणि ख्रिस्तप्रसाद घेत. प्रवचनाचा उंच लाकडी मंच बाजूच्या भिंतीवर, खोलीच्या साधारण मध्यावर असे. ध्वनिक्षेपक नव्हते, त्यामुळे आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोहोचवायचा तर बोलणाऱ्याने उंच आणि मध्ये असणे भाग होते.

या मांडणीला स्वतःचा एक अर्थ होता. सगळे मिळून एका दिशेने, देवाकडे पाहत आहेत, हा तो अर्थ. पण व्यवहारात लोक दूरवर चाललेला विधी पाहत आणि मनातल्या मनात आपापली जपमाळ ओढत. शब्द कळत नव्हते, कृती दिसत नव्हती.

इथे देवळाशी तुलना केली तर फरक चटकन ध्यानात येतो. देवळात दर्शन हा ज्याचा त्याचा व्यवहार. दिवसभरात कधीही यावे, हात जोडावेत, निघावे. चर्चची मुख्य उपासना, म्हणजे मिस्सा, ठरलेल्या वेळी सगळ्यांनी एकत्र करायची. तिची जवळची बहीण शोधायची तर ती कीर्तनात सापडेल. म्हणूनच चर्चमध्ये बाके लागतात आणि म्हणूनच कोण कुठे बसतो, कोणाला काय दिसते, हा तिथे केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही.

निर्णय कुठे झाला?

१९६२ ते १९६५ या काळात व्हॅटिकनमध्ये जगभरच्या बिशपांची परिषद झाली. दुसरी व्हॅटिकन परिषद या नावाने ती ओळखली जाते. तिने मंजूर केलेला पहिला दस्तऐवज उपासनेविषयीचा होता. ४ डिसेंबर १९६३ रोजी तो २,१४७ विरुद्ध ४ मतांनी संमत झाला. लोकांनी उपासनेत प्रेक्षकासारखे बसू नये, सहभागी व्हावे, हे त्याचे सूत्र. नवी चर्च बांधताना हा सहभाग शक्य होईल अशी रचना असावी, डामडौलापेक्षा उदात्त सौंदर्याला महत्त्व द्यावे आणि चर्चने कोणतीही एक शैली आपली म्हणून स्वीकारलेली नाही, असेही त्यात नमूद आहे. हे शेवटचे वाक्य भारतासारख्या देशाला फार उपयोगी पडले. गॉथिक कमान किंवा पोर्तुगीज मनोरा ही धर्माची अट नाही, हे आता लेखी झाले.

गंमत म्हणजे, वेदी फिरवा आणि लोकांकडे तोंड करा, असे या दस्तऐवजात कुठेही म्हटलेले नाही. ते आले २६ सप्टेंबर १९६४ च्या अंमलबजावणी सूचनेत. मुख्य वेदी भिंतीपासून सुटी असावी, तिच्याभोवती फिरता यावे आणि लोकांकडे तोंड करून मिस्सा अर्पण करता यावी, हे अधिक चांगले, असे ती सूचना सांगते. ७ मार्च १९६५ पासून ती लागू झाली. या दोन तारखांच्या मधेच, १९६४ च्या डिसेंबरमध्ये, पोप सहावे पॉल आंतरराष्ट्रीय युखरिस्ट परिषदेसाठी मुंबईत आले होते. त्यामुळे या शहराच्या कॅथलिकांना बदलाचे वारे लवकर जाणवले.

जुन्या वेद्या फोडा, असेही कोणी सांगितले नव्हते. तरी उत्साहाच्या भरात अनेक देशांत कोरीव मखरे आणि कठडे उखडले गेले. त्याची हळहळ आजही व्यक्त होते. आजच्या नियमानुसार, जुनी वेदी कलेच्या दृष्टीने मोलाची असेल आणि हलवता येत नसेल, तर तिला हात न लावता तिच्यापुढे दुसरी बांधावी. गोव्यातल्या जुन्या चर्चमध्ये सोनेरी मखरासमोर एक साधी मेजासारखी वेदी दिसते, ती यामुळेच.

वेदी, वाचनपीठ आणि खुर्ची

नव्या चर्चमध्ये तीन जागा मुख्य. पहिली अर्थातच वेदी. ती एकाच वेळी बलिदानाची वेदी आणि जेवणाचे मेज मानली जाते. परंपरेनुसार तिचा वरचा भाग दगडी, शक्यतो एकसंध शिळेचा असतो. बिशप परिषदेची परवानगी असेल तर टिकाऊ, भारदस्त असे दुसरे साहित्यही चालते. खाली संतांचे अवशेष ठेवण्याची जुनी चाल अजून मान्य आहे, मात्र ते खरे असल्याची खात्री हवी. वेदीवर किमान एक पांढरे वस्त्र, वेदीवर किंवा जवळ ख्रिस्ताची प्रतिमा असलेला क्रूस आणि मेणबत्त्या. फुले वेदीवर रचण्यापेक्षा भोवती ठेवावीत आणि तीही बेताने. लग्नाच्या सजावटवाल्यांचे आणि फादरचे वाद होतात ते याच मुद्द्यावर.

दुसरी जागा वाचनपीठाची. बायबलचे वाचन इथून होते. ते घडीचे, हलवता येणारे स्टँड नसावे, जागेवर पक्के असावे, असा दंडक आहे. घोषणा आणि सूचना इथून देऊ नयेत, अशी अपेक्षा असते. रविवारच्या गर्दीत ती नेहमीच पाळली जाते असे नाही. जुना उंच मंच जाऊन हे पीठ वेदीच्या शेजारी आले त्याचे श्रेय धर्मशास्त्राइतकेच ध्वनिक्षेपकालाही द्यावे लागेल. आवाज तारेतून जाऊ लागला तसे बोलणाऱ्याला खोलीच्या मध्यावर उंच चढून बसण्याचे कारण उरले नाही.

तिसरी जागा म्हणजे मिस्सा चालवणाऱ्या धर्मगुरूची खुर्ची. ती सिंहासनासारखी दिसू नये, असे नियमातच लिहिले आहे.

बाप्तिस्म्याचे कुंड कधी दाराशी असते, कधी वेदीजवळ. दाराशी असण्यामागचा विचार सरळ आहे: बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्तसभेत प्रवेश, तर कुंडही प्रवेशाशीच. दाराजवळच्या पवित्र पाण्यात बोटे बुडवून क्रूसाची खूण करणे ही त्याचीच आठवण. भिंतींवर क्रूसाच्या वाटेची चौदा स्थाने असतात. विधिपूर्वक अर्पण झालेल्या चर्चच्या भिंतींना बारा किंवा किमान चार ठिकाणी पवित्र तेल लावलेले असते. तिथे लहान क्रूस आणि दिवा बसवायची पद्धत आहे. बहुतेकांचे तिकडे लक्षही जात नाही.

पेटी हलली आणि वाद पेटला

अर्पण झालेला ख्रिस्तप्रसाद ज्या कुलूपबंद पेटीत ठेवतात तिला टॅबरनॅकल म्हणतात. ती एकच असावी, जागेवर पक्की, भक्कम आणि अपारदर्शक. तिच्याशेजारी तेलाचा किंवा मेणाचा दिवा अखंड तेवत असतो, आपल्याकडच्या नंदादीपासारखा. चर्चमध्ये शिरल्यावर कॅथलिक माणूस गुडघा टेकतो तो या पेटीकडे पाहून.

जुन्या चर्चमध्ये पेटी मुख्य वेदीवर, अगदी मधोमध होती. वेदी पुढे आली आणि धर्मगुरू तिच्यामागे उभे राहू लागले, तेव्हा पेटीचे काय करायचे हा पेच आला. मधोमध मागे ठेवली तर धर्मगुरूची पाठ तिच्याकडे होते. बाजूला नेली तर लोक म्हणतात, देवालाच कोपऱ्यात बसवले. नियमांनी दोन्ही पर्याय खुले ठेवले आहेत: पेटी वेदीच्या परिसरात ठेवावी किंवा मुख्य सभागृहाला जोडलेल्या आणि सहज दिसणाऱ्या प्रार्थनागृहात. अंतिम निर्णय बिशपांचा. फर्निचर हलवण्यासारखी दिसणारी ही गोष्ट जगभरच्या धर्मग्रामांत आजही मने दुखावते. बाहेरच्याला हे कळायला जड जाते. पण घरातले देवघर हलवायचे म्हटले की काय होते, हे आठवून पाहावे.

बाके आणि जात

कोणाचे बाक पुढे, हा प्रश्न किती टोकाला जाऊ शकतो याचे उदाहरण तमिळनाडूत आहे. तिरुनेलवेली भागातल्या वडक्कनकुळम येथे एकोणिसाव्या शतकात एक चर्च बांधले गेले. त्याचा आराखडा विजारीसारखा होता. दोन लांब दालने, जिथे ती जुळतात तिथे वेदी. एका दालनात वेल्लाळ, दुसऱ्यात नाडार. वेदी दोघांना दिसे, पण ते एकमेकांना दिसत नसत. १९१० च्या सुमारास हा अडसर काढला गेला, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले. जातिभेद नकाशात कसा उतरतो, याचे इतके उघड उदाहरण क्वचित सापडते.

व्यक्ती किंवा वर्गासाठी खास मान ठेवू नये, हे परिषदेने १९६३ मध्ये स्पष्ट केले आणि खासगी राखीव आसनांची प्रथा नियमांनी निषिद्ध ठरवली. चर्चविधानाचे कलम १२२१ तर म्हणते, की उपासनेच्या वेळी चर्चमधला प्रवेश मुक्त आणि विनामूल्य असावा. पोर्तुगीज चर्च ज्या रस्त्यावर आहे त्याला सी. के. बोले यांचे नाव आहे, हा तपशील इथे सांगायलाच हवा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये मांडणारे हेच बोले. महाडचा सत्याग्रह त्या ठरावाच्या अंमलबजावणीसाठीच होता. त्याच रस्त्यावर प्रभादेवीला सिद्धिविनायक आहे.

कोरियांनी काय केले?

वेदीभोवती लोक जमवायचे, तर लांबट खोली मोडावी लागते. अनेक देशांत त्यावर गोल किंवा पंख्याच्या आकाराचे एक मोठे सभागृह हे उत्तर निघाले. ते सोपे आहे, पण बऱ्याचदा नाट्यगृहासारखे वाटते. दादरला कोरियांनी दुसरी वाट धरली. त्यांनी एका मोठ्या खोलीऐवजी एकमेकांत गुंतलेल्या अनेक जागा केल्या. काहींवर छप्पर, काही आभाळाला उघड्या. उन्हाळा-पावसाळ्याच्या देशात माणसाचे निम्मे आयुष्य अंगणात, ओसरीवर आणि गच्चीवर जाते, हा त्यांच्या सगळ्या कामाचा धागा. चर्चच्या चौकांत तोच दिसतो.

छप्पर असलेल्या जागांवर काँक्रीटची कवचे आहेत. त्यांच्या माथ्यातून उजेड आत उतरतो. तापलेली हवा वर चढून निघून जाते आणि तिच्या जागी चौकांतून वारा येतो. यंत्राशिवाय हवा खेळती ठेवण्याची ही जुनीच युक्ती, आपल्या चौसोपी वाड्यांतली. काचेवरचे चित्रकाम एम. एफ. हुसेन यांचे. कॅथलिक चर्च, गोव्याच्या मुळाचा वास्तुरचनाकार आणि पंढरपुरात जन्मलेला मुस्लीम चित्रकार, हा मेळ सत्तरच्या दशकातल्या मुंबईला शोभणारा होता.

चौकांचा खरा उपयोग मिस्सेनंतर कळतो. मोठ्या दाराने लोक थेट रस्त्यावर फेकले गेले, तर पाच मिनिटांत पांगतात. चौक मिळाला की थांबतात. वस्तीतल्या चर्चचे निम्मे काम या थांबण्यात होते. कोण आजारी आहे, कोणाच्या घरी जागा रिकामी आहे, कोणाचे लग्न ठरते आहे, हे तिथे कळते. मुंबईसारख्या शहरात, जिथे इंच इंच जागेला भाव आहे, तिथे एवढी जागा उघडी सोडणे हा या इमारतीचा सर्वांत धाडसी भाग म्हणावा लागेल. काँक्रीटचे आकार त्यामानाने दुय्यम.

समई कुठून आली?

भारतात बदल आणखी पुढे गेला. २५ एप्रिल १९६९ रोजी रोमने भारतीय बिशपांच्या बारा सूचना मान्य केल्या. त्यात जमिनीवर बसणे, पादत्राणे बाहेर काढणे, हात जोडून नमस्कार, पंचांग प्रणाम, आरती, धूप आणि मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा यांचा समावेश होता. या गोष्टी सक्तीच्या नव्हत्या, स्थानिक पातळीवर ठरवायच्या होत्या. काही कॅथलिकांनी कडाडून विरोध केला. हे हिंदूकरण आहे, असा त्यांचा आक्षेप होता. दलित ख्रिश्चनांमधूनही प्रश्न आला, की भारतीय म्हणून निवडलेली चिन्हे सगळी उच्चवर्णीय परंपरेतलीच का? हा प्रश्न आजही मिटलेला नाही. तरी माथ्यावर क्रूस असलेली पितळी समई आता अनेक चर्चमध्ये सहज दिसते.

आवाज घुमतो, छप्पर गळते

आधुनिक चर्चची खरी परीक्षा दोन गोष्टींत होते. पहिली आवाजाची. काँक्रीट, दगड आणि काच आवाज शोषून घेत नाहीत, परत फेकतात. वळणदार छत तर तो एका जागी गोळा करते. लॅटिन असताना शब्द घुमले तरी फारसे बिघडत नव्हते, उलट गांभीर्य वाढे. आता वाचन लोकांच्या भाषेत असते. वसईच्या धर्मग्रामांत मिस्सा मराठीत होते, मुंबईत ती इंग्रजी, कोकणी, मराठी, तमिळ अशा भाषांत वेगवेगळ्या वेळी होते. शब्द कळावा म्हणून भाषा बदलली आणि इमारतच तो शब्द गिळू लागली तर काय उपयोग? वर पंख्यांचा आवाज, बाहेर वाहतुकीचा. म्हणून कर्ण्यांची जागा ठरवणे हे आज वेदीची जागा ठरवण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे.

दुसरी परीक्षा पावसाची. कौलारू उतरते छप्पर पाणी झटकून टाकते, एखादे कौल फुटले तर बदलता येते. काँक्रीटच्या कवचाला तडा गेला की पाणी कुठून शिरते आणि कुठे टपकते, हे शोधण्यातच एक पावसाळा जातो. पांढरे काँक्रीट शेवाळाने काळे पडते. रोमच्या तोर त्रे तेस्ते वस्तीत रिचर्ड मायर यांनी बांधलेल्या आणि २००३ मध्ये उघडलेल्या चर्चसाठी स्वतःला स्वच्छ ठेवणारे खास सिमेंट वापरावे लागले, ते उगीच नव्हे. वस्तीतल्या चर्चला असा खर्च परवडत नाही. तिथे दर काही वर्षांनी रंगरंगोटी, डांबर किंवा पत्र्याचे आच्छादन येते आणि मूळ रचनेचा आकार हळूहळू झाकला जातो. या इमारती शंभर वर्षांच्या नाहीत, म्हणून त्यांना वारसा म्हणून पाहायची सवय अजून लागलेली नाही.

शेजाऱ्याने आत कसे वागावे?

लग्न, अंत्यविधी किंवा नाताळ या निमित्ताने ख्रिस्ती नसलेले शेजारी चर्चमध्ये जातात तेव्हा थोडे बावरतात. इतर उभे राहिले की उभे राहावे, बसले की बसावे. गुडघे टेकण्याची सक्ती नाही, शांत बसले तरी चालते. बाक कोणाच्या नावाचे नसते, पण लग्नात आणि अंत्यविधीत पुढच्या रांगा घरच्यांसाठी सोडाव्यात. ख्रिस्तप्रसाद घ्यायला रांग लागते तेव्हा मात्र जागेवर बसून राहावे, तो कॅथलिकांपुरता असतो. देवळातल्या प्रसादासारखा तो सर्वांना वाटला जात नाही आणि त्यात कोणाचा अवमान नसतो. वेदीच्या पायऱ्यांवर चढून फोटो काढू नयेत. छायाचित्रकारांनाही ही सूचना आधी दिलेली असते, तरी ती दर लग्नात पुन्हा द्यावी लागते.